हुंगलेली फुलं

रत्नागिरीत गुलाब लावायचा म्हणजे आधी चार माणसांचं हसणं ऐकून घ्यायची तयारी हवी. खाली कातळ, वर चार महिने धो धो पाऊस आणि आजूबाजूला सगळे आंबेवाले. त्यांच्या लेखी झाड म्हणजे हापूसचं कलम, बाकी सगळा पाला. कुवारबावच्या वरच्या अंगाला राहणारे दत्तात्रेय बेहेरे त्यांतलेच एक. त्यांच्या मुलीने अंगणात गुलाब लावायचं मनावर घेतलं तेव्हा ते म्हणाले, "लाव हो, लाव. आषाढात कुजले की मीच उपटून टाकीन."

मुलगी म्हणजे वेदिका, एकुलती एक. खेडला दिलेली आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिला कोणी काडी उचलू देत नव्हतं, म्हणून तिने बसल्या जागेवरून बापाला कामाला लावलं. चिरे रचून वाफे करून घेतले, कातळावर माती टिकत नाही म्हणून मळ्यातली माती आणवून ओतली, शेणखत घातलं आणि गावठी गुलाबाची रोपं लावली. हा गुलाब दिसायला काही राजबिंडा नाही. फूल लहान, पाकळ्या विस्कटलेल्या. पण वास असा की ओटीवर बसलेल्या माणसाला वर्तमानपत्रातून डोकं वर काढावंच लागे.

बेहेऱ्यांच्या घरी फुलांचा एक नियम होता. देवाचं फूल हुंगायचं नाही. हुंगलं की ते उष्टं झालं, मग ते देवाला चालत नाही. वेदिकाने हा नियम कळत्या वयापासून मोडला. परडी देऊन पाठवलं की नाकाच्या शेंड्याला पिवळे पराग लावून परत यायची आणि वर "मी कुठे हुंगलं?" म्हणून विचारायची. तिची आई मालिनीबाई हायस्कुलात शास्त्र शिकवायच्या. त्यांना देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण सासूबाई रागवायच्या म्हणून त्याही रागवायच्या. पुढे रागवणारं कोणी राहिलं नाही. आठवा महिना लागलेली वेदिका रोज सकाळी जपून पायऱ्या उतरायची, एक हात पोटावर ठेवायची, दुसऱ्या हाताने फूल खालून सावरायची आणि डोळे मिटून नाक अगदी पाकळ्यांत खुपसायची. मालिनीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या आणि देवासाठी मुकाट्याने जास्वंद काढायच्या.

उर्वी जन्मली, तिचं बारसं झालं आणि त्याच आठवड्यात एका दुपारी जेवून उठता उठता वेदिका खाली बसली. परत उठली नाही. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली, असं डॉक्टरांनी सांगितलं. शास्त्राच्या बाईंना ते कळलं. आईला ते अजूनही कळलेलं नाही.

लग्न झालेली मुलगी दुसऱ्या गोत्राची, म्हणून आईबापांना सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "तुम्ही मोकळे झालात." बिचारे शास्त्र सांगत होते, पण मालिनीबाईंच्या काळजात तो शब्द जो रुतला तो रुतलाच. मोकळे! तान्ही पोर मांडीवर आणि ते मोकळे.

उर्वी आजीकडेच राहिली. तिचा बाप उन्मेष खेडला एकटा. रविवारी यायचा, मुलीला घेऊन बसायचा आणि डोळे पुसत परत जायचा. उर्वीचं न्हाऊमाखू घालायला शेजारच्या सगुणाताई येत. त्यांचा नवरा बोटीवर, मुलं मुंबईला, त्यामुळे त्यांना वेळ होता आणि हाताला माया होती.

गुलाब जगवायचे, हे मालिनीबाईंनी मृगाच्या आधीच ठरवून टाकलं होतं. उर्वीला मोठं करायला सगळी माणसं होती. गुलाबांना कोणी नव्हतं. त्यांनी बागेतल्या गड्याकडून नारळाच्या झापांचा मांडव घालून घेतला. पाणी तुंबू नये म्हणून वाफ्यांचे खालचे चिरे थोडे सरकवले. काळे ठिपके पडलेलं पान दिसलं की खुडायचं, बुंध्याशी राख पसरायची, उघडीप मिळाली की कडुनिंबाचं तेल फवारायचं. दत्तात्रेयांनी सुरुवातीला थोडी थट्टा करून पाहिली. मग बायकोचा चेहरा पाहून तीही सोडली. आणि नवल म्हणजे झाडं आषाढात कुजली नाहीत. पानं झडून नुसत्या काड्या उरल्या तरी फुलं येत राहिली.

अशाच एका ओल्या सकाळी मालिनीबाईंनी एक पूर्ण उमललेलं फूल हातात घेतलं. वेदिका गेल्यापासून त्या हुंगू लागल्या होत्या. त्यांनी फूल नाकाशी नेलं, तर वास नाही.

मंद वास नाही, कुजका वास नाही, काहीच नाही. आपलं नाक गेलं, हे त्यांच्या आधी मनात आलं. कोरोनात त्यांना वास येणं पार बंद झालं होतं. त्या तशाच घरात गेल्या, हिंगाची डबी उघडली आणि सटासट शिंकल्या. नाक शाबूत होतं. परत येऊन त्यांनी त्याच फांदीवरचं दुसरं फूल हुंगलं. त्याला नेहमीसारखा गोड, जड वास होता. सगुणाताई उर्वीला न्हाऊ घालून बाहेर आल्या, त्यांच्या हातात मालिनीबाईंनी ते पहिलं फूल दिलं.

"अवो वैनी, ह्याला वासच नाय," सगुणाताई म्हणाल्या. "कागदाचं फूल हुंगल्यागत वाटतंय."

"ऊन नाही ना," मालिनीबाई म्हणाल्या. "ऊन नसलं की सुगंधी तेल तयार होत नाही."

बोलून गेल्या, पण मग शेजारच्या फुलाला कुठलं ऊन मिळालं होतं? दुपारी ते फूल मलूल झालं आणि दिवेलागणीला त्याच्या पाकळ्या गळून पडल्या. गावठी गुलाब तसा झाडावर दोन दिवस सहज राहतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तिसऱ्या दिवशीही एकच. रोज सकाळी सगळ्यांत भरलेलं जे फूल असेल तेच तसं निघे आणि संध्याकाळी गळे. मालिनीबाई आता बारकाईने बघू लागल्या. अशा फुलाच्या मधल्या पाकळ्या एका बाजूला किंचित सारलेल्या असत. पावसाच्या थेंबाने तसं होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. झापांतून गळणाऱ्या पाण्याने होईल. किड्याने होईल.

आंबा डागू नये म्हणून फळाला लावायच्या कागदी पिशव्या बेहेऱ्यांच्या पडवीत गठ्ठ्याने पडलेल्या असत. एका संध्याकाळी मालिनीबाईंनी टपोऱ्या कळ्यांना त्या पिशव्या चढवल्या आणि तोंडाशी दोऱ्याच्या गाठी मारल्या. सकाळी गाठी जशाच्या तशा होत्या. पिशव्या बाहेरून भिजल्या होत्या, आतून कोरड्या. पहिली सोडली, वास आला. दुसरी सोडली, वास आला. तिसऱ्या पिशवीतलं फूल सगळ्यांत मोठं उमललं होतं. त्याच्या मधल्या पाकळ्या हलकेच बाजूला झाल्या होत्या आणि त्याला वास नव्हता.

मालिनीबाई चिऱ्यावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. भीतीने नव्हे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं होतं.

जन्मभर त्यांनी मुलांना शिकवलं होतं की घाईने निष्कर्ष काढायचा नाही. तो त्यांनी काढला आणि त्या दिवसापासून त्याला कोणी हात लावू नये म्हणून जपू लागल्या. सगळ्यांत चांगली कळी त्या झाडावर राखून ठेवत. तिन्हीसांजेला मांडवाशी जाऊन पुटपुटत, "सावकाश ये गो. ओलं आहे सगळं." पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. पदर खोचून, खराटा आणि विळा घेऊन त्या ते खरवडायला बसल्या.

"अगो, कुणासाठी एवढं खरवडतेस?" दत्तात्रेय ओटीवरून म्हणाले.

"येणाऱ्याजाणाऱ्याला नको का?"

"ह्या पावसात कोण येतंय आपल्याकडे?"

मालिनीबाईंनी पुढच्या पायरीला खराटा लावला. दत्तात्रेयांनी डोकं पुन्हा वर्तमानपत्रात घातलं. त्यांनी एकदा एक बिनवासाचं फूल हुंगून पाहिलं होतं. बराच वेळ ते हातात धरून उभे होते आणि मग त्यांनी ते कुणाला न दाखवता खिशात टाकलं होतं. बाप होते तेही.

सगुणाताईंना मात्र हे आवडत नव्हतं. एकदा उर्वीला तेल चोळता चोळता त्या खाली मान घालून म्हणाल्या, "वैनी, रागवू नका. पन रोज असं कायतरी ठेवत गेलात तर त्याची सवय लागती. मग एक दिस तुमच्याकडं ठेवायला नसलं तर?"

"कुणाला सवय लागते?" मालिनीबाईंनी विचारलं.

सगुणाताईंनी उर्वीला पालथं घातलं आणि पाठ चोळायला घेतली.

अर्धा श्रावण कसाबसा निभावला. मग नारळी पौर्णिमेनंतर पाऊस जो लागला तो थांबेचना. दिवस उजाडतोय की मावळतोय ते कळेना. वाऱ्याने झापांचा मांडव फाटला, वाफ्यांत पाणी उभं राहिलं, चिरे सरकवून उपयोग होईना. झाडं शेंड्याकडून काळी पडत खाली येऊ लागली. रोज एखादं झाड जाई. मालिनीबाई काळी फांदी छाटत आणि खालची हिरवी आहे का, म्हणून नखाने साल खरवडून पाहत. नसे. उरलेल्या झाडाशी त्या छत्री धरून उभ्या राहू लागल्या. स्वतः चिंब भिजत, झाडावर छत्री. आत उर्वी रडून रडून लाल होई आणि आजोबा तिला खांद्यावर टाकून येरझारा घालत.

एका दुपारी दत्तात्रेय तसेच रडत्या उर्वीला घेऊन ओटीवर आले. कधी आवाज चढवायचे नाहीत ते, पण ओरडले.

"मालिनी! ही जिवंत आहे. ही रडतेय. ऐकू येतंय का तुला?"

मालिनीबाई घरात आल्या, त्यांनी ओल्या अंगानेच मुलीला घेतलं आणि म्हणाल्या, "एकच कळी राहिलीय हो आता."

दत्तात्रेयांनी ऐकून घेतलं.

दुसरा दिवस हरतालिकेचा. उद्यावर गणपती. मूर्ती आदल्याच संध्याकाळी घरी आली होती आणि पाटावर रुमाल झाकून बसली होती. मालिनीबाई पुरणा-सारणाच्या गडबडीत असताना दत्तात्रेय अंगणात गेले, शेवटच्या झाडावरची ती कळी त्यांनी देठासकट कापली आणि पाण्याच्या भांड्यात घालून देवघरात नेऊन ठेवली. त्यांचा हिशोब साधा होता. फूल नाही म्हटलं की येणंही थांबेल आणि आपली बायको घरात परत येईल. ह्यात कपट काही नव्हतं. त्यांनाही कापताना भडभडून आलंच होतं.

मालिनीबाईंनी बघितलं तेव्हा त्यांच्या हातातून नारळाची कवड खाली पडली.

"काय केलंत हे?"

"उद्या गणपतीच्या पायाशी वाहीन. हुंगलेलं नाही अजून कोणी. निदान एक फूल देवाला पोचू दे."

"पण उद्या सकाळी तिला..." एवढं बोलून त्या खाली वाकल्या. त्यांनी कवड उचलली, धुतली आणि पुन्हा खवायला बसल्या. खोबऱ्यात डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून त्या मान वळवून खवत होत्या.

चतुर्थीच्या सकाळी पाऊस एकदम थांबला. घरात पाऊल टाकणाऱ्याला पहिल्यांदा गुलाबाचाच वास येत होता. कळी भांड्यात उमलली होती आणि माजघर, ओटी, पडवी सगळं त्या वासाने भरून गेलं होतं. पीतांबर नेसलेले दत्तात्रेय पूजेला बसले, प्राणप्रतिष्ठा झाली आणि त्यांनी ते फूल दोन्ही हातांनी उचलून मूर्तीच्या पायाशी ठेवलं.

"बघ," ते हळूच म्हणाले. "आहे की नाही वास?"

मालिनीबाई हात जोडून उभ्या होत्या. म्हणजे आज ती आली नाही. आली असेल आणि अंगणात काळ्या काड्या बघून तशीच परत गेली असेल. आपल्या दारातून माहेरवाशीण उपाशी गेली, असं त्यांच्या मनात आलं आणि आरती म्हणायला त्यांचं तोंड उघडेना.

सगुणाताईंनी आरतीआधी उर्वीला न्हाऊ घातलं होतं आणि नवं झबलं चढवून आतल्या खोलीत पाळण्यात ठेवलं होतं. आरतीच्या झांजा वाजल्या तरी ती उठली नाही. एरवी ताटली पडली तरी दचकायची.

"आज शाण्यासारखी निजली हाय," सगुणाताई म्हणाल्या.

नैवेद्य झाल्यावर मालिनीबाई आत गेल्या. उर्वी जागी होती. हातपाय हलवत नव्हती, रडत नव्हती, नुसती वर बघत होती. मालिनीबाईंनी तिला उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या टाळूवर ओठ टेकले.

मग त्यांनी नाक टेकलं.

मग मान. मग दुधाने चिकट झालेली हनुवटीखालची वळी. मग मूठ उघडून तळवा.

"सगुणाताई," त्यांनी हाक मारली. "हिला तेल लावलंत?"

"लावलं तर. खोबरेल, वर वेखंड. का वो?"

"हात इकडे करा."

सगुणाताईंनी हात पुढे केला. हाताला खोबरेलाचा आणि वेखंडाचा वास होता. उर्वीला नव्हता.

सगुणाताईंनी वाकून मुलीला हुंगलं आणि तोंडावर पदर धरून भिंतीपर्यंत मागे सरकल्या.

दत्तात्रेय दारात आले होते. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी नातीच्या केसांत नाक खुपसलं, वर बघितलं आणि खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याला म्हणाले, "वेदू, चुकलं गो माझं."

उर्वीच्या डोक्यावरची जावळाची एक बट बाजूला सारलेली होती.

"फुलं आणा," मालिनीबाई म्हणाल्या. "वासाची. मिळतील ती. दिवेलागणीच्या आत."

दत्तात्रेय पीतांबरातच अनवाणी बाहेर धावले. सगुणाताई दुसऱ्या बाजूला गेल्या. सणाचा दिवस, घरोघर परड्या भरलेल्या. बेहेरेभाऊजी असे का आलेत, हे विचारायचं भान कुणाला राहिलं नाही. सोनटक्का आला, सोनचाफा आला, जुई आली, ओंजळभर प्राजक्त आला, कुणाच्या हारातला निशिगंध आला.

मालिनीबाईंनी ती सगळी पाळण्याभोवती मांडली.

शेवटी दत्तात्रेय गणपतीसमोर गेले. देवाला वाहिलेलं फूल त्यांनी आयुष्यात कधी परत उचललं नव्हतं. त्यांनी हात जोडले, पायाशी ठेवलेला गुलाब उचलला आणि तोही आणून पाळण्याजवळ ठेवला.

"ये बाळा," मालिनीबाई म्हणाल्या. "सगळी तुझी आहेत. देवाची नाहीत, कुणाची नाहीत. पोटभर वास घे. तीही तुझीच आहे, माहीत आहे मला. पण तिला ठेव गो आमच्याकडे. तेवढी एक ठेव."

तिघं बाहेर आली. दार लोटून घेतलं.

पुन्हा पाऊस सुरू झाला. आतून आवाज नव्हता. दत्तात्रेय दाराकडे पाठ करून बसले होते.

बराच वेळ गेला. मग मालिनीबाई उठून आत गेल्या.

पाळण्याकडे त्यांनी बघितलं नाही. आधी त्या जमिनीवर बसल्या.

सोनटक्का उचलून हुंगला. वास होता.

जुई हुंगली. वास होता.

सोनचाफा, प्राजक्त, निशिगंध. होता, होता, होता.

गुलाब त्यांनी सगळ्यांत शेवटी उचलला आणि वेदिका धरायची तसा खालून सावरून नाकाशी नेला.

सकाळी होता तितकाच वास होता.